खाऊनपिऊन सुखी : घरचा पैसा आणि गरिबीचा अर्थ

आपल्या मराठी बोलण्यात एक मौजेची रीत आहे. दहा एकर बागायत आणि गावात दोन घरे असलेला गृहस्थ पाहुण्यांना निरोप देताना म्हणतो, "या कधीतरी गरिबाघरी." आणि ज्याच्या घरी महिन्याच्या वीस तारखेनंतर डबे वाजू लागतात तो मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत सांगतो, "तसे खाऊनपिऊन सुखी आहोत आम्ही." पहिला गृहस्थ स्वतःला गरीब म्हणू शकतो, कारण त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही अशी त्याची खात्री असते. दुसरा तो शब्द टाळतो, कारण त्यावर लगेच विश्वास बसेल ही त्याला भीती असते.

अर्थशास्त्राच्या तासाला दारिद्र्यरेषा शिकवली जाते. तीत उष्मांक येतात, दरडोई खर्च येतो, टक्केवारी येते. परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. परंतु प्रवेशाच्या दिवसांत फी-सवलतीचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म हातात घेऊन उभा असलेला विद्यार्थी जेव्हा वडिलांना विचारतो आणि वडील "आपण काही गरीब नाही, ठेव तो कागद" म्हणतात, तेव्हा त्या बोलण्यामागे असलेली गरिबीची व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. ही घरगुती व्याख्या काय आहे, ती सरकारी व्याख्येशी का जुळत नाही आणि त्या न जुळण्याची किंमत कोण देतो, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. पैशाविषयी सरळ न बोलण्यासाठी मराठीने पुष्कळ सोयी करून ठेवल्या आहेत. 'परिस्थिती' हा मूळचा कितीतरी व्यापक अर्थाचा शब्द, पण "त्यांची परिस्थिती कशी आहे?" असे विचारले की प्रश्न पैशाचाच असतो. मग परिस्थिती बेताची असते, ओढाताणीची असते, नाजूक असते, हलाखीची असते. या प्रत्येक शब्दाची पायरी वेगळी आहे आणि आपल्या घराचे वर्णन करताना माणूस सहसा एक पायरी वरची निवडतो. 'चणचण' ही तात्पुरती असते, ती श्रीमंतालाही भासते. म्हणून चणचण कबूल करायला कोणाला लाज वाटत नाही. 'नड' आली की मात्र दुसऱ्याचे दार आले. जुन्या शाळांत फी माफ असणाऱ्या मुलाला 'नादारीचा विद्यार्थी' म्हणत. नादार म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. आज साठीपलीकडे असलेल्यांपैकी अनेकांना वर्गात नादारीची यादी वाचली जात असे ते आठवत असेल.

आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील मित्रांसाठी एक गोष्ट येथेच नोंदवतो. 'साल' म्हटले की मराठी माणसाला वर्ष आठवते, कानडी माणसाला कर्ज. आपला 'रोख' उत्तर कर्नाटकाच्या कानडीत 'रोक्क' होऊन सरसकट पैसा या अर्थाने नांदतो. आणि "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण कानडीत "हासिगे इद्दष्टु कालु चाचु" अशी जवळजवळ शब्दशः भेटते. भाषेवरून या भागात कितीही वाद झाले असले तरी अंथरुणाच्या लांबीबद्दल दोन्ही भाषांतील आईबापांचे एकमत आहे.

आता सरकारी मोजमाप. त्याची सुरुवात सरकारने केली नाही, सरकारविरुद्ध बोलणाऱ्या एका माणसाने केली. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचले. त्यांनी हिशेब मांडला तो असा : देशाचे उत्पन्न माणशी वर्षाला सुमारे २० रुपये, आणि तुरुंगातील कैद्याला जगवण्यासाठी सरकार जे अन्नवस्त्र देते त्याचा खर्चही पुष्कळ प्रांतांत या रकमेत भागत नाही. म्हणजे गुन्हेगाराला मिळते तेवढेही रयतेच्या वाट्याला येत नाही. गरिबी मोजायला त्यांनी तुरुंगातला शिधा हे माप वापरले, यातला बोचरेपणा अर्थातच हेतुपुरस्सर होता.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने १९६०-६१ च्या किमतींना माणशी दरमहा २० रुपये हा किमान खर्च ठरवला. पाच माणसांच्या घराला शंभर रुपये. या वीस रुपयांत शिक्षण आणि औषधपाणी धरलेले नव्हते, कारण ती जबाबदारी सरकार उचलील असे गृहीत होते. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न घेऊ शकणाऱ्या कुटुंबाचा खर्च त्यांनी शोधला. तो खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्याखाली होते. १९७९ च्या कार्यगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक धरून १९७३-७४ च्या किमतींना ४९ रुपये ९ पैसे आणि ५६ रुपये ६४ पैसे अशा रेषा आखल्या. २००९ साली सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने उष्मांकांची गाठ सोडली आणि शिक्षण व आरोग्य यांवर घरे स्वतः जो खर्च करतात तो हिशेबात घेतला. तिच्या पद्धतीने २०११-१२ साठी खेड्यात माणशी दरमहा ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये ही रेषा आली. त्याआधी २०११ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपयांचा आकडा सादर झाला, तेव्हा देशभर केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल.

या सर्व रेषांत एक समान रीत आहे. घराचा एकूण खर्च घ्यायचा, माणसांच्या संख्येने भागायचे, आणि आलेला आकडा रेषेच्या वर आहे की खाली ते पाहायचे. अभ्यासाला ही रीत उपयुक्त आहे. तिच्यावाचून देशाची स्थिती सुधारली की बिघडली हे सांगताच येणार नाही. पण विद्यार्थी ज्या खिडकीपुढे उभा राहतो तेथे यांपैकी कोणतीही रेषा नसते. तेथे असतो नाडकचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला, आणि खिडकीगणिक मर्यादा निराळी. कर्नाटकात बी. पी. एल. रेशनकार्डासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला दहा हजार. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या दहावीनंतरच्या केंद्रीय शिष्यवृत्तीसाठी मर्यादा अडीच लाख. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केलेल्या नियमांप्रमाणे तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले विनातारण कर्ज 'सूक्ष्म कर्ज' ठरते. आणि २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर आलेल्या आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी मर्यादा आठ लाखांची, म्हणजे महिन्याला सहासष्ट हजारांहून अधिक. महिन्याला बावीस हजार मिळवणारे घर पहिल्या दोन खिडक्यांवर गरीब नाही, तिसरीवर आहे, चौथीवर तर भरपूर आहे. तेव्हा "सरकार म्हणते म्हणून आपण गरीब" किंवा "सरकार म्हणते म्हणून आपण गरीब नाही" ही दोन्ही वाक्ये निरर्थक आहेत. प्रत्येक खिडकी तिच्याजवळ वाटायला काय आहे आणि किती जणांना पुरेल हे पाहून मर्यादा घालते. फॉर्म भरणाऱ्याने तो आपल्या घराविषयीचा निवाडा समजण्याचे कारण नाही.

घरातली मोजपट्टी मात्र निवाडाच करते. तिच्यात रक्कम दुय्यम असते. समजा, एका घरात वडील पतसंस्थेत शिपाई आहेत आणि महिन्याला पंधरा हजार आणतात. दुसरे घर वडगाव-खासबागेकडचे, दोन यंत्रमाग असलेले. व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचे, साडी विणून द्यायची आणि नगावर मजुरी घ्यायची. लग्नसराईत त्या घरात महिन्याला पंचवीस हजार येतात, आणि मंदीत दोन-दोन महिने माग बंद. वर्षाची बेरीज केली तर दुसरे घर कदाचित पुढेच निघेल. पण मुलगी द्यायची म्हटले तर दहांतले नऊ जण पहिल्या घराकडे पाहतील. ते पगारदार आहे, तेथे एक तारीख ठरलेली आहे. वाणी त्या तारखेच्या भरवशावर वहीत मांडतो, संस्था त्या तारखेच्या भरवशावर कर्ज देते. विणकराच्या घराला पैशाची कमतरता जेवढी जाचते त्याहून अधिक जाचते ती अनिश्चितता. निपाणीकडे घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायकांचेही असेच. मजुरी हजारी बिड्यांवर, आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची मजुरी कापली जाते. सकाळी कामाला बसताना संध्याकाळी हातात नेमके काय पडेल ते सांगता येत नाही.

अनिश्चितता आली की मागणे आले. घरगुती व्याख्येचा गाभा येथे आहे असे माझे मत आहे. ज्याला मागावे लागते तो गरीब; ज्याला मागावे लागत नाही तो, कितीही कमी खात असला तरी, खाऊनपिऊन सुखी. म्हणून आपल्या घरांची अर्धी कसब मागण्याला दुसरे रूप देण्यात खर्च होते.

भिशीच घ्या. वीस बायका महिन्याला पाचशे रुपये घालतात, दहा हजार जमतात. लिलावाची भिशी असेल तर जिला नड आहे ती ते दहा हजार साडेआठ हजारांना उचलते; उरलेले दीड हजार वीस जणींत वाटले की प्रत्येकीला पंचाहत्तर रुपये सुटतात. अर्थशास्त्राच्या भाषेत नडलेल्या बाईने बाकीच्यांना व्याज दिले. पण तेथे कोणी सावकार नाही आणि कोणी ऋणको नाही. तिने भिशी 'उचलली', एवढेच. सोन्याचेही तसेच आहे. पाटल्या आणि गंठण तारण ठेवून शेतीचा किंवा दवाखान्याचा खर्च भागवणे या भागात इतके रुळलेले आहे की "दागिने बँकेत आहेत" या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि विचारणाऱ्याने कोणता घ्यावा हे सांगणाऱ्याने मुद्दाम मोकळे सोडलेले असते.

आहेराची वही हा याच हिशेबाचा भाग. लग्नात कोणी किती आहेर केला ते लिहून ठेवतात, आणि त्याच्या घरच्या कार्यात तेवढा, शक्य तर थोडा जास्त, परत करतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. सुधारकांनी तिच्यावर टीकाही पुष्कळ केली आणि ती सर्वस्वी चुकीची नाही. पण ज्याच्याकडे बँकेची पत नाही त्याची पत या वहीत असते. उद्या आजारपण आले तर ज्या चार दारांशी जाता येईल ती दारे आहेराने उघडी ठेवलेली असतात. परतफेड करणे जमेनासे झाले की माणूस हळूहळू कार्यांना जाणे टाळू लागतो. कधी तब्येत बरी नव्हती, कधी गाडी चुकली. भावकीतल्या लग्नाला जाणे बंद होणे ही आमच्याकडच्या घराची खरी दारिद्र्यरेषा आहे, आणि ती कोणत्याही पाहणीत सापडत नाही.

हे केवळ आपल्याकडचे खूळ नाही. ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात तागाच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. जगायला तागाचा सदरा लागत नाही, ग्रीक-रोमन त्यावाचून सुखाने जगले. पण त्याच्या काळी युरोपातल्या बऱ्याचशा भागात साध्या रोजगाऱ्यालाही तो सदरा अंगावर नसेल तर चारचौघांत यायला लाज वाटे, म्हणून तो सदरा गरजेचाच मानला पाहिजे असे स्मिथ म्हणतो. अमर्त्य सेन यांनी गरिबीविषयी लिहिताना या सदऱ्याचा दाखला पुन्हा पुढे आणला. लाज न वाटता लोकांत वावरता येणे ही गरज सगळीकडे सारखीच असते, फक्त तिला लागणारी वस्तू देशकालाप्रमाणे बदलते. आपल्या आजोबांच्या पिढीत ती वस्तू कोट-टोपीची असेल. आज कॉलेजातल्या मुलाला ती हातातला फोन आहे. सूचना, वेळापत्रक आणि नोट्ससुद्धा जेव्हा फोनवरच येतात, तेव्हा त्याला चैन म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तागाच्या सदऱ्याची आठवण ठेवावी.

मागण्याची लाज सर्वांना सारखी वाटते असे समजणे मात्र चूक ठरेल. कोणी मागायचे आणि त्याला काय म्हणायचे हे आपल्या समाजात जातीने ठरवले. गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवे. सात घरी सात वार. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कथा आपण आदराने सांगतो, आणि त्या मुलांचे कष्ट खोटे नव्हते. पण त्या मागण्याला धर्माची संमती होती, विद्येची प्रतिष्ठा होती, आणि वाढणाऱ्याला पुण्य होते. याच गावांत महार वतनदाराला गावकीच्या राबणुकीचा मोबदला म्हणून दारोदार भाकरी मागावी लागे. ते केलेल्या कामाचे वेतन होते, पण देण्याची रीत भिकेची होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. मागणे एकाला तपश्चर्या ठरले आणि दुसऱ्याला जन्माची अवस्था ठरवून दिली गेली.

मराठीतील दोन पुस्तके शेजारी ठेवली की हा फरक डोळ्यांत भरतो. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ सालची आणि दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. श्यामच्या घरची गरिबी ही घसरण आहे; खोताचे घर कर्जात बुडाले, आणि आईचा सारा झगडा घरची अब्रू राखण्याचा आहे. राखायला आधी काहीतरी असावे लागते. 'बलुतं'मध्ये गरिबी कोठून घसरून आलेली नाही. ती वस्तीबरोबर, आडनावाबरोबर, गावाबाहेरच्या जागेबरोबर आलेली आहे. मध्यमवर्गीय घरांत आपण मुलांना गरिबीचे जे संस्कार सांगतो, की गरिबीने माणूस घडतो, गरिबीत चारित्र्य उजळते, ते सगळे पहिल्या पुस्तकाच्या घरातून आलेले आहेत. दुसऱ्या पुस्तकाच्या घरात ही वाक्ये ऐकवून पाहावीत.

या अडचणीतून वाट काढणारे काही जण आपल्या जवळपासच होऊन गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. मुलांनी तेथे शेतात, स्वयंपाकघरात राबायचे आणि शिकायचे. त्या ताटात मागणे नव्हते, म्हणून मिंधेपणही नव्हता. आजच्या शिष्यवृत्तीकडे आणि फी-सवलतीकडे पाहतानाही हाच धागा धरता येतो. १९६२ च्या अभ्यासगटाने शिक्षणाचा खर्च वीस रुपयांत धरला नाही, कारण तो सरकारने करायचा होता. सरकारने तो पुरता केला नाही, घरांवर टाकला. फी-सवलत म्हणजे त्या टाकलेल्या ओझ्यातला परत आलेला थोडासा वाटा आहे. तो घेताना कोणाच्या दारी गेल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. "ठेव तो कागद" म्हणणाऱ्या वडिलांच्या अभिमानाचा मला आदर आहे. परंतु त्या अभिमानाचा हप्ता पुष्कळदा मुलगी भरते. दोघांची फी जमत नाही म्हटल्यावर कोणाचे शिक्षण थांबते हे वेगळे सांगायला नको.

येथे आपण घराच्या आत शिरतो, आणि दारिद्र्यरेषेची सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. घरचा खर्च पाचांनी भागला की पाचही जण सारखे खातात असे गृहीत धरले जाते. आपल्या किती घरांत हे खरे आहे? पुरुष आणि मुले जेवून उठल्यावर पातेल्यात जे उरेल ते घरच्या बाईचे, ही रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. भाजी पुरली नाही तर ती चटणीवर भागवते आणि विचारले तर "मला आवडतच नाही" म्हणते. खाऊनपिऊन सुखी घरात एक माणूस दारिद्र्यरेषेखाली असू शकते, आणि तीच सगळ्यांना वाढत असते. मुलेही हे शिकतात. ओढाताणीच्या घरातले पोर फार लवकर एक गोष्ट आत्मसात करते. "नाही" ऐकण्याआधीच ते "मला नको" म्हणून टाकते. सहलीचे पैसे मागितले की "मला बस लागते", स्नेहसंमेलनाचा ड्रेस ठरला की "मला नाचात नाही घ्यायचे". शिक्षकांना ही मुले अलिप्त वाटतात. मित्रांना माणूसघाणी वाटतात.

घरात पैसा कोणाच्या हातात हा प्रश्नही असाच. पूर्वी एकत्र कुटुंबात सगळे मुलगे पगार आईवडिलांच्या हाती देत आणि सून भाजीलाही सासूकडे मागे. म्हणजे घर मागत नसले तरी घरातली बाई रोज मागत होती. कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा तिच्यावर फुकटेपणाची टीका झाली. राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीने त्या टीकेचा विचार अवश्य व्हावा. पण ज्या बाईने आयुष्यात प्रथमच न मागता पैसा पाहिला तिच्या बाजूनेही हिशेब मांडला पाहिजे. आणि शिधापत्रिकेवर प्रमुख म्हणून सासूचे नाव असेल, तर सुनेचे मागणे चुकले नाही हेही त्यात यावे.

मागणे चुकवण्याच्या या धडपडीचा बाजार कसा होतो ते गेल्या काही वर्षांत दिसले. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्था गावात येतात, बायकांचा गट करतात, सोने मागत नाहीत, जमिनीचा उतारा मागत नाहीत, जामीनदार मागत नाहीत. गटातली एकमेकींची ओळख हाच जामीन. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, निदान तिच्याकडून आणवायचा. या पद्धतीने सावकाराकडे जाणे पुष्कळ कमी झाले आणि कित्येक घरांत शिलाईयंत्र किंवा म्हैस आली, हे मान्य केले पाहिजे. पण विनातारण हा शब्द तितकासा खरा नाही. अब्रू तारण असते. हप्त्याच्या दिवशी शेजारणी ओट्यावर येऊन बसल्या की गल्लीला कळते. आणि ते कळू नये म्हणून एका संस्थेचा हप्ता दुसऱ्या संस्थेच्या कर्जातून भरला जातो. वसुलीचा जाच आणि त्यातून झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने वसुलीतील जबरदस्तीविरुद्ध अध्यादेश काढला; त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली आहे. धमकावणाऱ्या वसुलीवाल्याला हा कायदा पकडू शकेल. ओट्यावर काही न बोलता बसलेल्या शेजारणींना कोणत्या कलमात बसवायचे, हे सांगणे कठीण आहे. त्याही तिच्यासारख्याच हप्त्याच्या धन्या असतात.

ही कर्जे कशासाठी काढली जातात हे घरोघर विचारले तर दवाखाना, लग्न, घराची डागडुजी आणि मुलांची फी ही उत्तरे पुनःपुन्हा येतात. दवाखाना आणि फी, म्हणजे १९६२ च्या हिशेबातून वगळलेल्या त्याच दोन बाबी. हप्त्यांचे कार्ड बाईने कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवलेले असते, आणि आपली सेमिस्टरची फी त्या कार्डावरच्या कर्जातून भरली गेली हे मुलाला ठाऊक असतेच असे नाही. नाडकचेरीतला दाखला घराचे उत्पन्न सांगतो. कर्जाचा रकाना त्यावर नसतो.